भरली लोंबी वाकलेलीच असते : गायक महंमद रफी

या पानावर आपण नेहमी बी-बियाणं, खतांच्या मात्रा आणि कीड-रोग यांबद्दल बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतो आहे. पण तोही तुमच्या रानातलाच आहे. रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला गेलेला माणूस बांधावर एकटा असतो. मोटार चालू होते, पाणी सरीत पडतं, आणि मग तो खिशातला मोबाइल बाभळीच्या फांदीला अडकवून जुनी गाणी लावतो. पूर्वी हेच काम ट्रान्झिस्टर करायचा. शिवारफेरीत हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. त्या गाण्यांत एक आवाज हमखास असतो, आणि तो महंमद रफी यांचा.

माझा जन्म रफीसाहेब गेल्यानंतरचा. म्हणजे त्यांना पाहिल्याचं भाग्य माझं नाही. पण ज्यांनी पाहिलं, ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं, त्यांनी मुलाखतींतून आणि पुस्तकांतून सांगितलेल्या आठवणी वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लोक त्यांच्या गाण्याबद्दल बोलायला सुरुवात करतात आणि बघता बघता त्यांच्या स्वभावाबद्दल बोलू लागतात. आवाज ही देवाची देणगी, ती प्रत्येकाला मिळत नाही. पण माणसाशी कसं वागायचं हे ज्याच्या त्याच्या हातात असतं. म्हणून हा माणूस आपण जरा नीट समजून घेऊ.

गावातला फीको

रफींचा जन्म २४ डिसेंबर १९२४ रोजी पंजाबातल्या अमृतसर जिल्ह्यात झाला. गावाचं नाव कोटला सुलतानसिंग. मजिठा या गावाजवळचं हे खेडं, गव्हाचा मुलूख. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. वडिलांचं नाव हाजी अली महंमद. घरात गाण्याचं घराणं वगैरे काही नव्हतं. पोराला लाडानं सगळे फीको म्हणत.

गावात एक फकीर गात गात भिक्षा मागायला यायचा. आपल्याकडे वासुदेव आला की पोरं जशी मागं लागतात, तसा हा फीको त्या फकिराच्या मागं मागं जायचा आणि त्याच्यासारखंच गायचा प्रयत्न करायचा. पुढं फकीर नसला तरी गावातली मंडळी या पोरालाच बसवून गायला लावू लागली. गाण्याची पहिली शाळा म्हणाल तर ही. तिला ना फी, ना फळा.

वडील पोटापाण्यासाठी लाहोरला गेले. १९३५ च्या सुमारास सारं कुटुंबच तिकडं गेलं. गाव सोडण्यापूर्वी या मुलानं एका आंब्याच्या झाडावर आपलं नाव कोरलं होतं, अशी आठवण त्या गावातले त्यांचे बालमित्र पुढं म्हातारपणी सांगत. गाव सोडताना आपण काहीतरी मागं ठेवून जावं असं कुणाला वाटत नाही? आपल्यातलीही किती पोरं पुण्या-मुंबईला जाताना असंच कुठंतरी नाव लिहून गेली असतील.

लाहोरात भाटी गेट भागातल्या नूर मोहल्ल्यात वडिलांचं केशकर्तनाचं दुकान होतं. रफीही त्या दुकानात हात लावत. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढं ज्याच्या आवाजावर सगळा देश डोलला, तो मुलगा कारागीर घरातला, हाताच्या कष्टावर पोट भरणाऱ्या घरातला होता. बलुतेदारीचं जिणं आपल्या गावांनी जवळून पाहिलं आहे. गिऱ्हाईक कोणीही असो, समोर बसलं की त्याचा मान राखायचा, ही त्या धंद्याची शिकवण. रफींच्या अंगी ती आयुष्यभर राहिली असावी असं मला वाटतं.

थोरल्या भावाचे मित्र अब्दुल हमीद यांनी पोराचा गळा ओळखला. घरच्यांची समजूत काढली ती त्यांनीच. मग उस्ताद अब्दुल वहीद खान, पंडित जीवनलाल मट्टू, फिरोज निजामी यांच्याकडं रफींची शास्त्रोक्त तालीम झाली. गळा कितीही गोड असला तरी मशागत लागतेच. नुसती काळी कसदार जमीन असून भागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू!

लाहोरच्या त्या दिवसांतली एक हकीकत प्रसिद्ध आहे. त्या काळचे मोठे गायक कुंदनलाल सैगल यांचा कार्यक्रम होता. ऐन वेळी वीज गेली. ध्वनिक्षेपक बंद, म्हणून सैगल गायला तयार होईनात. लोकांचा गोंगाट सुरू झाला. तेव्हा हमीद यांनी संयोजकांना विनवलं आणि तेरा वर्षांच्या रफीला उभं केलं. ध्वनिक्षेपकाशिवाय त्या पोरानं गाणं म्हटलं आणि गर्दी शांत झाली. संगीतकार श्यामसुंदर यांनी त्याला तिथंच हेरलं असं सांगतात. पुढं १९४४ च्या ‘गुल बलोच’ या पंजाबी चित्रपटात त्यांनीच रफींना पहिलं गाणं दिलं.

दहा बाय दहाची खोली

१९४४ साली रफी मुंबईला आले. बरोबर हमीद होतेच. भेंडीबाजारातल्या गजबजाटात दहा बाय दहाची एक खोली भाड्यानं घेतली. गावाकडून गिरणीत कामाला गेलेल्या आपल्या माणसांनी जशा खोल्या केल्या, तशीच ही. काम मिळेल की नाही याची खात्री नाही, ओळखीपाळखी थोड्या.

संगीतकार नौशाद यांच्याकडं ते शिफारसपत्र घेऊन गेले. नौशाद यांनी ‘पहले आप’ या चित्रपटातल्या समूहगीतात त्यांना घेतलं. सैनिकांचं गाणं होतं. बुटांचा आवाज गाण्यात हवा म्हणून गाणाऱ्यांना लष्करी बूट घालून पाय आपटत गायला लावलं होतं. ध्वनिमुद्रण संपलं तेव्हा रफींच्या पायातून रक्त येत होतं, पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. ही आठवण स्वतः नौशाद सांगत. विचारल्यावरही तो तरुण गाण्याच्या आनंदातच होता म्हणे.

मग हळूहळू दिवस पालटले. ‘गाँव की गोरी’ (१९४५), ‘अनमोल घडी’ (१९४६), नूरजहाँ यांच्याबरोबरचा ‘जुगनू’ (१९४७), ‘मेला’ (१९४८), ‘दुलारी’ (१९४९). एकेक पायरी चढत गेले. मध्येच १९४७ ची फाळणी झाली. लाहोर परक्या देशात गेलं. त्यांच्या पहिल्या पत्नी तिकडंच राहिल्या आणि रफी मुंबईत. ज्या शहरात बालपण गेलं, ते एका रात्रीत परदेश झालं. याबद्दल त्यांनी कुणाला दोष देत बसल्याचं ऐकिवात नाही. पुढं बिल्किस यांच्याशी त्यांनी संसार मांडला. एकूण चार मुलगे आणि तीन मुली, असं त्यांचं भरलं घर.

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर राजेंद्रकृष्ण यांनी बापूंच्या जीवनावर गाणं लिहिलं. हुस्नलाल-भगतराम यांनी चाल लावली आणि रफी गायले. ते गाणं गावोगाव वाजलं. पंडित नेहरूंनी त्यांना घरी बोलावून ते ऐकलं आणि त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी त्यांना रौप्यपदक दिलं. तेव्हा रफींचं वय अवघं चोवीसच्या आत होतं.

१९५२ साली ‘बैजू बावरा’ आला आणि मग मागं वळून पाहणं राहिलं नाही. त्यातलं मालकंस रागातलं हरिदर्शनाचं भजन आजही देवळात लागतं. शब्द शकील बदायुनी यांचे, चाल नौशाद यांची, आवाज रफींचा. तिघेही मुसलमान, आणि ऐकणारा मात्र हात जोडतो. काकडआरतीच्या आधी लाउडस्पीकरवर ते लागलं की कुणाच्या मनात जात-धर्म येत नाही. हे आपण रोज बघतो, म्हणून त्याचं नवल वाटत नाही इतकंच.

भेटलेली माणसं काय सांगतात?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडं येतो.

रफींना भेटलेल्या माणसांची यादी मोठी आहे. वादक, संगीतकार, नव्यानं उमेदवारी करणारे गायक, घरात काम करणारे, दाराशी सही मागायला उभे राहणारे. या सगळ्यांच्या आठवणींत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. आवाज इतका हळू की कान देऊन ऐकावं लागे. नजर खाली. चेहऱ्यावर हसू कायमचं. कुणी स्तुती केली की बोट आभाळाकडं करायचं आणि ती देणगी वरच्याची आहे असं सुचवायचं. पडद्यावर त्यांच्या आवाजात नायक डोंगर गाजवायचा, आणि प्रत्यक्षात हा माणूस चारचौघांत बोलायलाही लाजायचा. मुलाखती द्यायचं तर त्यांच्या जिवावरच यायचं. दारू नाही, सिगारेट नाही, पार्ट्यांची हौस नाही. काम संपलं की घर.

शौक काय, तर बॅडमिंटन, कॅरम आणि पतंग. मन्ना डे हेही मोठे गायक, आणि दोघांनाही पतंगाचं वेड. मन्ना डे सांगत की ते रफींचा पतंग सारखा काटायचे. रफींना राग यायचा नाही. उलट आपला पतंग दर वेळी कटतो कसा, हे ते लहान मुलासारखं त्यांनाच विचारायचे. एकाच धंद्यातली दोन मोठी माणसं. शेजारशेजारच्या दुकानदारांत काय चालतं हे आपण जाणतो. इथं स्पर्धा आभाळात होती, जमिनीवर नव्हती.

नवीन माणसाला हात देणं हा तर त्यांचा स्वभावच. निसार बज्मी नावाचे संगीतकार होते, मूळचे आपल्या खानदेशातले. पुढं ते पाकिस्तानात गेले आणि तिकडं नावारूपाला आले. पण मुंबईत असताना त्यांच्याजवळ रफींना द्यायला पैसे नव्हते. रफींनी एक रुपया घेऊन त्यांचं गाणं म्हटलं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी धडपडत होती, तेव्हा रफींनी आपलं मानधन त्या दोघांच्याच हातावर परत ठेवलं आणि ते वाटून घ्यायला सांगितलं, ही आठवण प्यारेलाल यांनी सांगितली आहे. त्या जोडीनं पुढं रफींकडून साडेतीनशेच्या वर गाणी गाऊन घेतली. रफींनी काही हिशेबानं हे केलं नव्हतं. पण रोपवाटिकेत रोपाला दिलेलं पाणी वाया जात नाही, हेही खरं.

घरच्या गाडीची गोष्ट त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितली आहे. रफींनी डावीकडं सुकाणू असलेली मोठी परदेशी गाडी घेतली. जुन्या चालकाला ती चालवता येईना. नवा चालक ठेवावा लागला. दुसरा कोणी असता तर जुन्याला हिशेब देऊन घरी पाठवलं असतं. रफींनी त्याला टॅक्सी घेऊन दिली, म्हणजे त्याच्या पोटाची सोय झाली. वर्षानुवर्षं घरी राबलेल्या सालगड्याला यंत्र आलं म्हणून सहज निरोप देणाऱ्यांनी या गोष्टीवर जरा विचार करावा.

आणखी एक हकीकत त्यांच्या चाहत्यांत नेहमी सांगितली जाते. एका विधवा बाईला दर महिन्याला मनिऑर्डर यायची. पाठवणारा कोण हे तिला ठाऊक नव्हतं. एकदा पैसे यायचे बंद झाले. तिनं पोस्टात जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं की पाठवणारे महंमद रफी होते आणि ते आता या जगात नाहीत. दान देताना पावतीचा फोटो काढायची पद्धत पडलेल्या आजच्या काळात ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटते.

दादा कोंडके यांच्या चित्रपटांतली धमाल गाणी आपण ज्यांच्या आवाजात ऐकली, आणि ‘उपकार’ (१९६७) मधलं मातीचं गुणगान करणारं गाणं ज्यांच्यामुळं प्रत्येक १५ ऑगस्टला वाजतं, ते महेंद्र कपूर हेही अमृतसरचेच. ते लहानपणापासून रफींचे चाहते. ते शाळकरी वयात रफींना भेटले आणि त्यांनाच त्यांनी गुरू मानलं. गुरूच्याच बाजारात शिष्यानं दुकान थाटलं, तरी गुरूनं कधी कपाळाला आठी घातली नाही.

आणि हा मोठा माणूस स्वतःही कुणाचा तरी चाहता होता बरं का! मुष्टियोद्धा महंमद अली यांचे ते निस्सीम चाहते. अमेरिकेच्या दौऱ्यात संयोजकांनी त्यांची भेट घडवून आणली. दोघांचा एकत्र फोटो आहे. त्यात रफींच्या चेहऱ्यावर जत्रेत हवं ते मिळालेल्या पोराचा आनंद दिसतो. चाहत्याला काय वाटतं हे ज्याला स्वतःला ठाऊक असतं, तो दाराशी आलेल्या चाहत्याला हिडीसफिडीस करत नाही.

भांडण एक झालं, तेही सांगायला हवं

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कधी कुणाशी भांडलाच नाही का? एक मोठा वाद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही.

साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी मागणी केली की गाण्याच्या तबकड्या विकल्या जातात, त्या उत्पन्नात गायकालाही वाटा मिळावा. रफींचं म्हणणं वेगळं होतं. गाणं म्हटलं, ठरलेलं मानधन मिळालं, व्यवहार तिथं संपला. चित्रपट पडला तर निर्माता आपल्याकडं पैसे परत मागत नाही, मग चालला तर आपण का मागावे? यावरून दोघांत बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत.

बंधूंनो, या वादात कोण बरोबर? रफींच्या बाजूला मनाचा मोठेपणा होता. पण लताबाईंच्या मागणीतही न्याय होता. आपण टोमॅटो बांधावर दोन रुपयांनी देतो आणि शहरात तो चाळीसनं विकला जातो, तेव्हा पुढच्या नफ्यात आपला वाटा का नाही असं आपल्यालाही वाटतंच ना? पुढं २०१२ साली देशाच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलाकारांच्या स्वामित्वधनाचा हक्क कायद्यानं मान्य झाला. म्हणजे काळानं त्या बाबतीत लताबाईंच्या बाजूनं कौल दिला. चांगला माणूस प्रत्येक वादात बरोबर असतोच असं नाही. पण वाद झाला तरी माणूस कसा वागतो ते पाहावं. दोघं पुन्हा एकत्र आले आणि पुढं कितीतरी सुंदर द्वंद्वगीतं झाली. भाऊबंदकीत एकदा तोंड फिरवलं की तीन पिढ्या बांधावरून बोलत नाहीत अशी घरं आपल्या गावात आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पडता काळ

मोठेपणाची परीक्षा चढत्या काळात होत नाही, पडत्या काळात होते. १९६७ साली ‘पद्मश्री’ मिळाली. फिल्मफेअरची पारितोषिकं एकामागून एक आली. आणि १९६९ साली ‘आराधना’ आला. किशोरकुमार यांच्या आवाजाची लाट उसळली. जो तो संगीतकार तिकडं वळला. रफींची गाणी कमी झाली. त्याच सुमारास ते हजयात्रेला जाऊन आले होते. आता गाणं सोडावं का, असा विचारही त्यांच्या मनात आला होता आणि नौशाद यांच्यासारख्या हितचिंतकांनी त्यांची समजूत काढली असं सांगतात.

भाव पडला म्हणून पीक उपटून टाकायचं नसतं. रफींनी किशोरकुमार यांच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. दोघांची मैत्री जुनीच. किशोरकुमार स्वतः पडद्यावर नायक असताना त्यांच्यासाठी ‘रागिनी’ (१९५८) आणि ‘शरारत’ (१९५९) या चित्रपटांत रफी गायले होते. मग १९७७ साली ‘हम किसीसे कम नहीं’ आला. त्यातल्या गाण्यासाठी रफींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि फिल्मफेअरचं सहावं पारितोषिकही. आठ वर्षं धीर धरला त्याचं हे फळ. त्यांनी गायलेल्या गाण्यांची एकूण संख्या पाच हजारांच्या आसपास भरते.

आपल्या मांडवातला आवाज

गावातल्या लग्नात वरातीच्या वेळी बँडवाला जी गाणी वाजवतो, त्यातली निम्मी तरी रफींची असतात. आणि नवरी सासरी निघाली की ‘नीलकमल’ (१९६८) मधलं बापाच्या आशीर्वादाचं गाणं लागतंच. ते गाताना रफींचा गळा खरोखर भरून आला होता, कारण त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न होतं, अशी हकीकत सांगतात. एरवी बैलाच्या वेसणीला हात घालणारा आमचा रांगडा गडी त्या गाण्याला उपरण्यानं डोळे पुसताना मी पाहिला आहे. हिंदी नीटशी कळत नाही, पण बाप म्हणजे काय ते कळतं.

मराठीतही ते गायले. संगीतकार श्रीकांत ठाकरे यांना उर्दू चांगलं येत असे. मराठी गीत ते रफींसाठी उर्दू लिपीत लिहून द्यायचे आणि उच्चार घोटवून घ्यायचे. आपल्या ‘ळ’सारख्या अक्षरांनी पंजाबी जिभेची परीक्षा पाहिली. पण नाव कमावलेला माणूस परकी भाषा विद्यार्थ्यासारखी शिकायला बसला. देव देवळात शोधू नका, तो माणसाच्या अंतरात आहे, अशा अर्थाचं वंदना विटणकर यांचं त्यांनी गायलेलं गीत आजही आकाशवाणीवर लागतं. ऐकताना गाणारा परमुलखातला आहे हे विसरायला होतं.

शेवटचा दिवस

३१ जुलै १९८०. रमजानचा महिना होता. कलकत्त्याहून आलेल्या संगीतकाराबरोबर त्यांनी त्या दिवशी बंगाली गाण्यांचा सराव केला. मग छातीत दुखू लागलं. इस्पितळात नेलं, पण रात्री साडेदहाच्या सुमारास हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. वय फक्त ५५. त्याच काळात ‘आसपास’ या चित्रपटासाठी त्यांनी गायलेलं गाणं शेवटचं ठरलं. किशोरकुमार त्यांच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी मुंबईत मुसळधार पाऊस होता. तरीही हजारो लोक अंत्ययात्रेला आले. त्यात शेठ होते, हमाल होते, नट होते, टॅक्सीवाले होते. सगळे सारखेच भिजलेले. जुहूच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं. सरकारनं दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला.

कब्रस्तानात जागा अपुरी. नव्या दफनांसाठी जुन्या कबरी काढाव्या लागतात. २०१० साली रफींचं थडगंही काढण्यात आलं. आज तिथं त्यांच्या नावाचा दगड नाही. मग चाहत्यांनी काय करावं? त्यांनी जवळचं एक नारळाचं झाड खूण म्हणून धरलं. दर वर्षी २४ डिसेंबरला आणि ३१ जुलैला लांबलांबून माणसं येतात आणि त्या झाडाशी उभी राहतात.

भातशेतीवाल्यांना मी नेहमी सांगतो, लोंबी बघून पीक ओळखा. दाणा भरला की लोंबी वाकते. ताठ उभी दिसते ती बहुधा पोचट निघते. गावात चार पैसे हातात आले, एखादं पद मिळालं, दारात गाडी आली की माणसाची मान किती लवकर ताठ होते, हे तुम्ही-आम्ही पाहतो. कार्यालयात आलेल्या शेतकऱ्याला खुर्ची दाखवायची की ताटकळत ठेवायचं, मजुराच्या हातात पैसे द्यायचे की अंगावर टाकायचे, या बारीक गोष्टींतच माणूस कळतो. त्याला रफींचा गळा लागत नाही. खुर्चीत बसणाऱ्या आम्हा सरकारी माणसांनाही हे तितकंच लागू आहे.

येत्या ३१ जुलैला बहुतेक भाताची लावणी चालू असेल. चिखलात उभं राहून मोबाइलवर रफींचं एखादं गाणं लावा. बांधावर गडीमाणसं जेवायला बसली असतील, त्यांनाही ऐकवा. आणि त्या दिवशी भाकरी सगळ्यांनी एकाच पंगतीत बसून खा.